आडहंगामाचा व्यायाम : हिवाळी धावण्याचा दीडशे वर्षांचा इतिहास

आजचा विषय वरवर पाहिला तर खेळाचा आहे, पण आपण तो इतिहासाचा म्हणून घेणार आहोत. प्रश्न साधा आहे. ज्या देशांत वर्षातले चार-पाच महिने दुपारी चारलाच अंधारून येतं, पायाखाली चिखल नाहीतर बर्फ असतो, तिथल्या माणसांनी या महिन्यांत शरीर हलतं कसं ठेवलं? धावणारे धावत कसे राहिले? आणि धावणं जमलं नाही तेव्हा त्याऐवजी काय केलं?

या प्रश्नाला आपण सहसा एकच उत्तर देतो : जिद्द. बर्फात एकटा पळणारा माणूस डोळ्यांसमोर येतो आणि आपण म्हणतो, वा, काय इच्छाशक्ती! अशी माणसं होती, त्यांच्याबद्दलही आपण बोलू. पण कागदपत्रं जरा बारकाईने पाहिली तर वेगळीच गोष्ट दिसते. हिवाळ्यात बहुतेक माणसं टिकली ती ठरलेल्या वारामुळे, सोबतीमुळे, आणि एक व्यायाम बंद पडला की दुसरा धरायचा या सवयीमुळे. थोडक्यात, व्यवस्थेमुळे. ही व्यवस्था कोणी उभी केली, तिच्यात कोणाला जागा मिळाली आणि कोणाला बाहेर ठेवलं, हे आज पाहायचं आहे.

वल्हवणाऱ्यांचा हिवाळा

सुरुवात लंडनपासून करू. १८६० साली टेम्स नदीकाठी टेम्स रोइंग क्लब स्थापन झाला. नाव वल्हवणाऱ्या तरुणांचा हा क्लब. त्यांचा हंगाम उन्हाळ्याचा. ऑक्टोबर लागला की नदीवरच्या शर्यती संपायच्या, आणि मग मार्चपर्यंत करायचं काय? शरीर सुटतं, दम कमी होतो, पुढच्या मोसमात पुन्हा श्रीगणेशा. यावर उपाय म्हणून क्लबने डिसेंबर १८६७ मध्ये विंबल्डनच्या माळरानावर धावण्याची शर्यत घेतली. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १८६८ मध्ये, याच मंडळींतून ‘टेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा धावणाऱ्यांचा क्लब निघाला. रानावनातून धावण्याचा, म्हणजे क्रॉस-कंट्रीचा, जगातला सर्वांत जुना क्लब म्हणून तो आज ओळखला जातो.

इथे जरा थांबू. ज्याला आज आपण ‘क्रॉस-ट्रेनिंग’ म्हणतो, म्हणजे मुख्य खेळाला पूरक म्हणून दुसराच व्यायाम करायचा, ते आधुनिक कल्पना म्हणून सांगितलं जातं. पण संघटित क्रॉस-कंट्रीचा जन्मच त्यातून झाला. धावणं हा त्या मंडळींचा मुख्य खेळ नव्हताच. ते वल्हवणारे होते आणि हिवाळा काढण्यासाठी धावत होते.

क्लबच्या नावाचा अर्थही सांगायला हवा. हेअर म्हणजे ससा, हाउंड म्हणजे शिकारी कुत्रा. एक-दोन जण ससे व्हायचे, कागदाच्या कपट्यांची पिशवी घेऊन पुढे पळायचे आणि वाटेत कपटे टाकत जायचे. बाकीचे कुत्रे होऊन त्या मागावर धावायचे. हा मूळचा शाळकरी पोरांचा खेळ. श्रुजबरी, रग्बी अशा निवासी शाळांत तो १९व्या शतकाच्या पूर्वार्धातच रुळला होता, आणि थॉमस ह्यूज यांच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ या १८५७ सालच्या कादंबरीत त्याचं वर्णन आहे. बघा, यात गंमत अशी की नुसतं ‘जा, पाच मैल पळून ये’ म्हटलं तर कोण जाणार? पण पुढे कोणीतरी पळतंय आणि आपण दहा-बाराजण मिळून त्याला शोधतोय म्हटल्यावर चिखल, ओढे, कुंपणं सगळं पार होतं.

अर्थात व्यवस्था पहिल्या फटक्यात बसत नाही. १८७६ साली इंग्लंडची पहिली राष्ट्रीय क्रॉस-कंट्री स्पर्धा एपिंगच्या जंगलात झाली. सगळे धावपटू वाट चुकले आणि स्पर्धा रद्दबातल ठरवावी लागली! पहिला अधिकृत विजेता मिळाला तो १८७७ मध्ये, टेम्स हेअर अँड हाउंड्सचा पर्सी स्टेनिंग. त्या वर्षापासून सलग चार वर्षं तोच जिंकला.

शनिवारची दुपार

आता एक गोष्ट, जी खेळाच्या पुस्तकांत सहसा तळटिपेत जाते. हिवाळ्यात दिवस लहान. कारखान्यात दिवसभर राबणारा माणूस अंधारात घरातून निघणार आणि अंधारातच परत येणार. तो धावणार कधी?

१८५० च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांचं शनिवारचं काम दुपारी दोनला थांबवायचं ठरवलं. हळूहळू इतर उद्योगांत आणि पुरुष कामगारांतही शनिवारची अर्धी सुट्टी पसरली. इंग्लंडमधले फुटबॉलचे सामने आणि क्रॉस-कंट्रीच्या शर्यती शनिवारी दुपारी का होतात, याचं मूळ इथे आहे. आठवड्यातून एकदा, उजेड असताना मिळालेले ते दोन-तीन तास. त्या तासांवर बर्मिंगहॅमसारख्या औद्योगिक शहरांत ‘हॅरियर्स’ क्लब उभे राहिले. तिथला बर्चफील्ड हॅरियर्स १८७७ चा आहे.

त्याच सुमारास, १८७९ साली, हेन्लीच्या नामांकित नौका शर्यतीने ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या केली आणि कारागीर, मजूर, हाताने कष्टाचं काम करणाऱ्यांना त्या व्याख्येतून वगळलं. म्हणजे ज्या नदीकाठच्या प्रतिष्ठित मंडळींनी हिवाळी धावण्याला आकार दिला, त्याच जगात मजुराला होडीत जागा नव्हती. पण माळरानावर कुंपण घालणं अवघड असतं. धावायला होडी लागत नाही, बोटघर लागत नाही. म्हणूनच हिवाळी धावणं पुढे कष्टकऱ्यांचाही खेळ झालं.

छपराखाली

इंग्लंडचा हिवाळा चिखलाचा, तर अमेरिकेच्या ईशान्य भागातला बर्फाचा. तिथे दुसरा उपाय निघाला : आत चला. न्यूयॉर्क अ‍ॅथलेटिक क्लबने नोव्हेंबर १८६८ मध्ये एका स्केटिंग रिंकमध्ये धावण्याच्या आणि इतर मैदानी स्पर्धा भरवल्या. तारखा लक्षात घ्या. विंबल्डनला क्लब निघाला ऑक्टोबर १८६८ मध्ये, न्यूयॉर्कची स्पर्धा नोव्हेंबर १८६८ मध्ये. अटलांटिकच्या दोन काठांवर, एकाच ऋतूत, एकाच अडचणीवर दोन उत्तरं.

तिसरं उत्तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे, फक्त त्याचा हिवाळ्याशी संबंध आपण विसरलोय. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे वायएमसीएची प्रशिक्षण संस्था होती. १८९१ च्या हिवाळ्यात तिथल्या अठरा विद्यार्थ्यांचा वर्ग कंटाळून गेला होता. शरद ऋतूत फुटबॉल खेळणारी ही मुलं, हिवाळ्यात त्यांच्या वाट्याला फक्त कवायत आणि जिम्नॅस्टिक्स. विभागप्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी जेम्स नेस्मिथ या कॅनडाहून आलेल्या शिक्षकाला चौदा दिवसांची मुदत दिली : छपराखाली खेळता येईल असं काहीतरी शोधा. नेस्मिथने पीचच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि डिसेंबरात बास्केटबॉल सुरू झाला.

नेस्मिथला जे कळलं ते आजही खरं आहे. हिवाळ्यात व्यायाम सुटतो त्यात थंडीचा वाटा असतो, तसा कंटाळ्याचाही असतो. आणि कंटाळ्यावर उपदेशाचा उपयोग होत नाही, खेळाचा होतो. आणखी एक : जवळच्याच स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने वर्षभराच्या आतबाहेर हा खेळ मुलींना शिकवायला घेतला. माळरानावरच्या शर्यतींत स्त्रियांना जागा मिळायला किती काळ गेला ते पुढे पाहू. छपराखालचं दार त्यांच्यासाठी आधी उघडलं.

बर्फातली माणसं

आता उत्तरेकडे जाऊ. फिनलंडचा पावो नुर्मी हा १९२० च्या दशकातला सर्वांत मोठा धावपटू. वडील गेल्यावर बाराव्या वर्षी शाळा सुटली, तुर्कू शहरात सामानाच्या गाड्या चढावर ढकलण्याचं काम करावं लागलं. पाय तिथे तयार झाले. पण गंमत अशी की याच नुर्मीने पुढे सांगितलं, की सुरुवातीची वर्षं आपण फक्त उन्हाळ्यात सराव करत होतो, हिवाळी सराव म्हणजे काय हे तेव्हा फारसं कोणाला ठाऊकच नव्हतं. फिनिश धावपटूंच्या हिवाळ्यात मोठी जागा होती ती लांबलांब चालण्याला. आज कोणी ‘मी फक्त चालतो’ म्हटलं की आपण जरा कमी लेखतो. नुर्मीच्या देशात ते कमी लेखलं जात नव्हतं.

याच नुर्मीच्या बाबतीत १९२४ सालची पॅरिस ऑलिंपिकची घटना सांगण्यासारखी आहे. क्रॉस-कंट्री तेव्हा ऑलिंपिकमध्ये होती, पण ऑलिंपिक उन्हाळ्यात! हिवाळ्यासाठी जन्मलेला खेळ जुलैच्या रणरणत्या उन्हात खेळवला गेला. ३८ जण निघाले, १५ जण पोहोचले. बाकीचे वाटेत कोसळले किंवा थांबले. नुर्मी जवळजवळ दीड मिनिटाच्या फरकाने जिंकला, पण ते दृश्य इतकं भयंकर होतं की ही शर्यत त्यानंतर ऑलिंपिकमध्ये पुन्हा झाली नाही. ऋतू बदलला की तोच व्यायाम वेगळा होतो, याचं याहून ठळक उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

फिनलंडकडून हरणाऱ्या स्वीडनमध्ये ग्योस्टा होल्मेर या प्रशिक्षकाने १९३० च्या दशकात ‘फार्टलेक’ ही पद्धत मांडली. शब्दाचा अर्थ ‘वेगाचा खेळ’. जंगलातून धावायचं, मनाला येईल तिथे वेग वाढवायचा, मग सावकाश. घड्याळ आणि आखलेला ट्रॅक बाजूला. गुंडर हेग हा स्वीडिश धावपटू जंगलात, हिवाळ्यात तर खोल बर्फातून, असाच तयार झाला. १९४२ च्या उन्हाळ्यात ८२ दिवसांत त्याने दहा जागतिक विक्रम केले. सगळ्यांनी पाहिले ते ८२ दिवस. त्यामागचा हिवाळा कोणी पाहिला नव्हता.

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक सैन्यात होता. लष्करी बूट घालून तो बर्फात पळायचा, अंधार पडला तर हातात बॅटरी. न्हाणीच्या टबात मळके कपडे घालून त्यांच्यावरच जागच्या जागी धावायचा, असंही सांगतात. कपडे धुऊन निघाले आणि सरावही झाला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५ हजार मीटर, १० हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णपदकं त्याने घेतली. झाटोपेक म्हणजे जिद्दीचं उदाहरण, हे मान्यच. पण त्याच्याकडे बूट होते, पगार होता, सरावाला मुभा देणारं सैन्य होतं, हेही विसरू नये.

हिवाळा म्हणजे पाया

इथपर्यंत हिवाळा म्हणजे कसातरी काढायचा काळ होता. तो वर्षाचा पाया आहे, हा विचार पद्धतशीरपणे मांडला न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्डने. बुटांच्या कारखान्यात काम करणारा हा माणूस. त्याने आधी स्वतःवर प्रयोग केले, मग शेजारपाजारच्या मुलांवर. आठवड्याला १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, सावकाश पण नेमाने. त्यात ऑकलंडजवळच्या डोंगरांतली वायाटारुआची ३५ किलोमीटरची फेरी. वेगाचा सराव नंतर. पीटर स्नेल ८०० मीटर धावणारा, पण त्यालाही ती ३५ किलोमीटरची फेरी चुकली नाही. २ सप्टेंबर १९६० रोजी रोममध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५ हजार मीटरचं सुवर्णपदक जिंकलं, तासाभराच्या अंतराने. त्यानंतर ‘आधी पाया, मग कळस’ हे सूत्र जगभर गेलं.

मोजमाप काय सांगतं

१९७० नंतर धावणं सामान्य माणसाचं झालं, आणि दुखापतीही सामान्य झाल्या. सप्टेंबर १९७४ मध्ये सॅन डिएगोच्या ट्रॅक क्लबने पोहणं, सायकल आणि धावणं एकत्र करून एक स्पर्धा घेतली. ट्रायथलॉन हे नाव तिथून रूढ झालं. १९८० च्या दशकात ‘क्रॉस-ट्रेनिंग’ हा शब्द बाजारात आला, त्याचे खास बूटही आले. १९८४ सालची पहिली महिला ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकणारी जोन बेनॉइट ही अमेरिकेतल्या थंडगार मेन राज्याची. स्कीइंग करताना पाय मोडला म्हणून ती धावण्याकडे वळली. आणि त्या ऑलिंपिकच्या निवड शर्यतीच्या सतरा दिवस आधी गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा हातांनी सायकलचं पेडल फिरवून तिने दम टिकवला.

याच काळात शास्त्रज्ञांनीही मोजलं. एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांच्या १९८४ च्या अभ्यासात, सराव पूर्ण बंद केलेल्या तयार खेळाडूंची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि आठ आठवड्यांपर्यंत सुमारे १६ टक्के घसरली. म्हणजे दिवाळीत थांबलेल्याची नाताळपर्यंत बरीच कमाई गेलेली असते.

पण दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्या जास्त कामाची. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं सायकल आणि धावण्याचा जोरकस सराव दिला. नंतर पंधरा आठवडे काहींना चार दिवसांवर, काहींना फक्त दोन दिवसांवर आणलं. जोर मात्र तोच ठेवला. क्षमता टिकली! पुढच्या अभ्यासात दिवस तेच ठेवून जोर कमी केला, तेव्हा ती घसरली. पंधरा आठवडे म्हणजे जवळजवळ एक हिवाळा. टेम्स काठच्या तरुणांना हा आकडा माहीत नव्हता, पण शनिवारी एकदा मिळून मनापासून धावायचं, हे त्यांनी बरोबर धरलं होतं.

आपलं उलटं पंचांग

हे सगळं ऐकताना महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना वाटेल, आमच्याकडे तर उलट आहे. अगदी बरोबर. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येच्या अध्यायात सांगितलंय, की बलवान आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने थंडीत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून हलका. आपल्याकडे थंडी हाच व्यायामाचा हंगाम. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून डिसेंबरची म्हणून ओळखली जाते, मुंबईची मोठी मॅरेथॉन जानेवारीत असते. आपला आडहंगाम म्हणजे पावसाळा आणि मे महिन्याचं ऊन. त्याला आपलं जुनं उत्तर होतं तालीम : डोक्यावर छप्पर, आत मातीचा हौद, जोर-बैठका, मुद्गल, मल्लखांब, आणि वस्तादाची नजर. न्यूयॉर्ककरांनी स्केटिंग रिंकमध्ये शोधलं ते आपल्या पेठांत आधीपासून होतं.

म्हणून आपल्यापैकी जे आज लंडनला, टोरोंटोला, न्यू जर्सीला राहतात त्यांची अडचण थोडी वेगळी असते. दिवाळी झाली की धावायला सुरुवात करायची, हे अंगात मुरलेलं. आणि तिथे नेमकं तेव्हाच सगळं बंद व्हायला लागतं. पंचांग उलटं झालंय हे एकदा ओळखलं की आपण आळशी झालो, असं वाटणं कमी होतं. तिथला नोव्हेंबर म्हणजे आपला आषाढ समजायचा आणि तालमीची सोय बघायची.

दार कोणासाठी उघडं

शेवटचा मुद्दा. व्यवस्था माणसाला टिकवते म्हटलं, तर ती कोणाला मिळाली हे विचारलंच पाहिजे. पुरुषांची आंतरराष्ट्रीय क्रॉस-कंट्री स्पर्धा १९०३ पासून होते. तिथे स्त्रियांची अधिकृत शर्यत आली १९६७ मध्ये. चौसष्ट वर्षं! स्त्रिया तोवर धावत नव्हत्या असं नाही. इंग्लंडमध्ये त्यांची राष्ट्रीय स्पर्धा १९२७ पासून होती. जागतिक स्पर्धेत स्त्री-पुरुषांना सारखं, १० किलोमीटरचं अंतर मिळालं ते २०१७ मध्ये, युगांडातल्या कंपालाला. आणि हिवाळ्यातल्या अंधाराचा प्रश्न तर अजून सुटलेला नाही. संध्याकाळी सहाला सामसूम रस्त्यावर एकटी धावणारी बाई आणि एकटा धावणारा पुरुष यांची थंडी सारखी असली, तरी भीती सारखी नसते. तिला जिद्दीचे धडे देणं सोपं आहे. दिवे लावणं आणि सोबत जमवणं, हे खरं काम.

२ ऑक्टोबर २००४ रोजी, शनिवारी सकाळी, लंडनच्या नैर्ऋत्येला बुशी पार्कमध्ये तेरा जण पाच किलोमीटर धावायला जमले. ज्या पॉल सिंटन-ह्यूइट यांनी त्यांना बोलावलं, ते स्वतः दुखापतीमुळे धावू शकत नव्हते. त्यांनी वेळ नोंदवली. प्रवेश फुकट, दर शनिवारी, हिवाळा असो की उन्हाळा. यातूनच ‘पार्करन’ उभं राहिलं आणि अनेक देशांत पसरलं. विंबल्डनचं ते माळरान इथून काही मैलांवर आहे. मध्ये १३६ वर्षं गेली, पण हिशोब तोच : ऑक्टोबर महिना, ठरलेला वार, वाट पाहणारी चार माणसं.

तेव्हा येत्या आडहंगामात, तो कुठलाही असो, रोज जमलं नाही म्हणून सगळं सोडू नका. दोन दिवस धरा, जोर ठेवा, धावणं जमत नसेल तर चाला, पोहा, जोर-बैठका काढा. आणि एकट्याने ठरवण्याऐवजी कोणाला तरी सांगा, की शनिवारी सकाळी मी येतोय, मी येतेय. इथे थांबू.